पियुष कशानं गेला

करंजीचा फाटा मागे पडला तसं रूपालीनं घड्याळात पाहिलं. इथून मारेगाव काही लांब नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस वेचून झालेली शेतं पडली होती, वाळलेल्या पऱ्हाट्या उभ्याच्या उभ्या. बाहेर सगळं असं उजाड, आणि गाडीत हसणं-खिदळणं चाललेलं. पुढे ड्रायव्हरशेजारी तिचे बाबा, उकंडा मुनेश्वर, कडक इस्तरीचा पांढरा सदरा चुरगळू नये म्हणून ताठ बसले होते. त्यांच्या मागे आई पंचफुला, मांडीवर नव्या सुनेच्या साडीची पिशवी. पंचफुलेच्या शेजारी आत्या वच्छलाबाई. हे स्थळ आत्यानंच आणलेलं, त्यामुळे सकाळपासून तिचा आवाज सगळ्यांच्या वर होता. आणि सगळ्यात मागे, रूपालीच्या बाजूला, आज ज्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, तो तिचा मोठा भाऊ विक्की.

"काहून गं, तोंड शिवलं का तुहं?" आत्यानं मागे वळून विचारलं. "भावाच्या साक्षगंधाले चालली का कोनाच्या मयतीले?"

"गाडी लागते मले, आत्या."

"लागन नाही तं काय! घाटंजीहून निघाली तवापासून घोटभर चहा नाही पोटात."

विक्की हसला. वीज मंडळात लाइनमन झाल्यापासून उन्हानं रापलेला त्याचा चेहरा आज घोटून दाढी केल्यामुळे लहान पोरासारखा दिसत होता. "मैत्रीण वहिनी होऊन राह्यली ना, आत्या. आता तिले अर्पिता म्हनू का वहिनी, याचंच टेन्शन आहे तिले."

रूपालीनं हसल्यासारखं केलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

अर्पिता नगराळे आणि ती यवतमाळला डी.एड.ला एका खोलीत राहिल्या होत्या. एका ताटात जेवल्या होत्या, एकमेकींचे ड्रेस घालून परीक्षेला गेल्या होत्या. दुसऱ्या वर्षी कॉलेजात सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी झाली. अर्पिता वाहक निघाली. वाहकाला स्वतःला काही होत नाही, डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. पण नवराही वाहक असला तर लेकराला तो आजार होऊ शकतो. अर्पिता दोन दिवस जेवली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर वाळलेले कपडे काढता काढता तिनं रूपालीला सांगितलं. मोठ्या बहिणीचं जमलेलं लग्न याच कारणानं मोडलं होतं, आणि आता तिचंही बाहेर जाऊ नये म्हणून आईनं तिला शपथ घातली होती.

तिचं रडणं थांबेना. तेव्हा रूपालीनं आपल्या घरची गोष्ट तिच्या ओंजळीत टाकली. "माहा लहान भाऊ होता ना, पियुष? तो काविळीनं गेला असं सगळे सांगतात. काविळीनं नाही गेला. यानंच गेला. मी दवाखान्यात दाराआडून ऐकलं होतं. घरात कोणी नाव काढत नाही."

मग दोघी हातात हात घालून गच्चीवरच बसल्या. तुझं माझ्यापाशी, माझं तुझ्यापाशी, असं ठरलं. आणि दोघींनी ते पाळलं होतं.

विक्कीसाठी आत्यानं मारेगावची मुलगी पाहिली तेव्हा रूपाली नागपूरला नोकरीवर होती. मुलीचं नाव ऐकून ती खोलीत एकटीच नाचली होती. मग एकदम खाली बसली. फोनवर अर्पिता म्हणाली होती, "मी सांगते त्याला. माझं मी सांगते. तू फक्त मला वेळ दे."

तो वेळ आज संपत होता.

*

मारेगावच्या घरात, आतल्या खोलीत अर्पिताची धाकटी बहीण समीक्षा तिच्या अंबाड्यात पिना खोचत होती. रूपाली दारात आलेली अर्पितानं आरशात पाहिली आणि तिचा हात थांबला.

"समीक्षा, पाहुण्यांना पाणी दिलं का बघ."

"दिलं ना कवाचंच."

"परत दे."

समीक्षा तोंड वाकडं करून गेली. रूपालीनं दार लोटलं. पूर्वी भेटल्या की आधी गळ्यात पडायच्या. आज दोघीही जागच्या हलल्या नाहीत.

"सांगितलं?" रूपालीनं विचारलं.

अर्पिता आरशाकडे पाठ करून बसली.

"अर्पे, तू म्हणाली होती सांगते म्हणून."

"रोज ठरवत होते." अर्पितानं हातातली बांगडी मागेपुढे केली. "तो फोन करायचा, दिवसभर कोणत्या खांबावर चढला, कुठं तार तुटली, ते सांगायचा. मला म्हणायचा, तुझ्याशी बोललं की थकवा जाते. मग मी उद्यावर टाकायचे. त्याच्यात असेलच असं कशावरून? त्याची तपासणी झाली का कधी?"

"मला माहीत नाही. पण पियुष त्याचा सख्खा भाऊ होता, हे तर तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे म्हणून तर झोप लागत नाही." अर्पिता म्हणाली. "लग्नानंतर सांगीन. दिवस गेले तर पोटातल्या बाळाची तपासणी होते आता. मार्ग असतात, रूपा."

"असतात ना. मग ते त्याच्यासोबत शोध. त्याला न सांगता काहून?"

"त्यानं नाही म्हटलं तर? मग नाही म्हणायचं कारण गावभर होईल. ताईचं मोडलं तेव्हा आई अंथरुणाला लागली होती. आता समीक्षाचं पाहून राह्यले. तिची तर तपासणीही केली नाही आईनं, भीतीनं." ती उठून रूपालीजवळ आली. "तू शब्द दिला होता मला. मी तुझ्या पियुषचं आजपर्यंत कोणाजवळ बोलले का?"

अर्पितानं तिचे दोन्ही हात धरले.

"फक्त आजचा दिवस," अर्पिता म्हणाली.

रूपाली हात सोडवून बाहेर पडली. ती कुठे जाते आहे हे अर्पितानं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

*

पंचफुला मागच्या अंगणात हातपाय धूत होती. प्रवासानं तिचे गुडघे धरले होते. रूपाली येऊन तिच्यापाशी टेकली तेव्हा तिला वाटलं, पोरीला खरंच बरं नाही.

"आई, एक सांगाचं आहे. पन तू तिचं नाव कोनापाशी घ्यायचं नाही. मी शब्द दिला आहे."

आणि रूपालीनं सांगितलं. सगळं सांगितलं. अर्पिताचं, आणि गच्चीवर आपण काय बोललो तेही.

पंचफुलेच्या कानात पहिल्यांदा दुसरंच शिरलं. "तू पियुषचं बाहेर सांगतलं?"

"आई, ते आता सोड..."

"कायले सोडू? तुह्या आत्यापासून लपवलं मी. माह्या मायपासून लपवलं. घशात घास अडकवून काविळ काविळ म्हनत राह्यली. अन् तू होस्टेलात बसून सांगतलं?"

पियुष गेला त्या साली वच्छलाबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, तुह्या माहेरचंच काहीतरी आहे, आमच्या घरात असं कोनाले झालं नाही. नुसती काविळ सांगितली तरी त्या असं बोलल्या. खरं सांगितलं असतं तर काय बोलल्या असत्या, या भीतीनं पंचफुलेनं तोंड मिटलं, ते मिटलंच.

"आई, दादाचं रक्त कधी तपासलं होतं का?"

पंचफुलेनं बादलीतलं पाणी परत पायावर ओतलं.

"आई?"

"तपासलं होतं." ती इतक्या हळू बोलली की रूपालीला वाकावं लागलं. "पियुषचं निघालं तवाच डॉक्टरनं तुमाले दोघाले आनाले लावलं होतं. तुह्यात काही नाही. विक्कीच्यात आहे. तिच्यासारखंच. नुसतं रक्तात."

"अन् तू त्याले सांगतलं नाही? आज आपण त्याचं साक्षगंध करून राह्यलो!"

"मले काय माहीत पोरीत बी असन म्हनून! वाटलं, हजारात एखादी असते. आपल्या वाट्याले कायले येईन?" तिनं पदरानं तोंड पुसलं. पण पदर तोंडावरून निघेना.

पियुषला दुखणं उठलं की तो आईच्या हाताला धरून म्हणायचा, पाय दाब, अजून जोरात दाब. हाडात कोणी सुया टोचते म्हणायचा. ती दाबायची. थकली की उकंडा दाबायचा. दुखणं ओसरलं की पोरगं दमून हसायचं, आणि त्या हसण्याचीच तिला जास्त भीती वाटायची, कारण पुढच्या खेपेची वाट पाहणं तिथूनच सुरू व्हायचं. आता हेच हात नातवाचे पाय दाबताहेत असं तिच्या डोळ्यांपुढे आलं.

"आई, दादाले आतमध्ये बोलावून हळूच सांगू. तो..."

"हळूच सांगून काय होईन? आपन असंच उठून गेलो तं लोक उद्या म्हनतीन, पोरात खोट होती म्हनून पळाले, नाही तं पोरीत खोट काढली. मंग तुह्या मैत्रिनीचं नाव कसं राह्यन झाकलेलं?"

बाहेर मांडवात बौद्धाचार्यांनी सगळ्यांना बसून घ्यायला सांगितलं. पंचफुला गुडघ्यावर हात देऊन उठली.

"चाल," ती म्हणाली.

*

दारापुढच्या मांडवात पांढऱ्या कापडाच्या टेबलावर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर होती. मेणबत्त्या लागल्या होत्या. त्रिसरण-पंचशील झालं. अर्पिता आणि विक्की शेजारी शेजारी बसले. वच्छलाबाईंनी अंगठीची डबी उघडून उकंडाच्या हातात दिली.

"थांबा जरा," पंचफुला म्हणाली.

उकंडानं चमकून वर पाहिलं. त्याची बायको चारचौघांत कधी बोलली नव्हती. बचत गटाच्या बैठकीतही ती ठरावाला नुसता हात वर करायची. आणि ती उभी राहिली तशी त्याला एकदम कळलं की ती काय बोलणार आहे. कसं कळलं ते त्याला नंतरही सांगता आलं नाही.

"पंचफुला, बैस खाली."

ती बसली नाही. ती मुलीच्या आईकडे, चंदाबाईकडे वळली. "इहीनबाई, अंगठी घालाच्या आधी मले सांगाचं आहे. माहा लहाना, पियुष, काविळीनं नाही गेला. सिकलसेलनं गेला. अन् विक्कीच्या रक्तात बी थे आहे. त्याले सोताले काही होत नाही. पन होनाऱ्या लेकराले होऊ शकते. आमाले माहीत होतं, आमी सांगतलं नाही. आमचं चुकलं. तुमी पोरीची तपासणी करा, मंग ठरवा. अंधारात ठेवून आमाले सून न्यायची नाही."

विक्की आईकडे असा पाहत होता, जशी ती दुसऱ्याच कोणाची आई असावी.

पहिल्यांदा बोलल्या वच्छलाबाई. "पाह्य! पाह्य उकंडा! मी तवाच म्हनत होती का नाही? हिच्या माहेरचंच रक्त खराब. आपल्या घराची पत घालवली हिनं. मी इथं स्थळ जमवलं, आता कोन्या तोंडानं..."

"बाई, चूप बैस."

उकंडा बहिणीला आजवर असं बोलला नव्हता. बाप लवकर गेला, तेव्हा तिनंच त्याला वाढवलं होतं. तिच्यापुढे बायकोची बाजू घ्यायची त्याची कधी हिंमत झाली नव्हती, आणि पियुषच्या वेळीही तो मान खाली घालून उभा राहिला होता.

"एकटीच्या रक्तानं नाही होत थो आजार," तो म्हणाला. हातातली डबी त्यानं मिटली. "डॉक्टरनं तवाच सांगतलं होतं. मायबाप दोघाच्याई रक्तात असलं तवाच लेकराले होते. माह्यात बी आहे. अन् माह्यात आहे तं थे आपल्या मायबापापासून आलं, बाई. तुह्यात बी असू शकते."

वच्छलाबाईंच्या लेकीचा पोरगा थंडी पडली की गुडघे धरून रडायचा. वाढीच्या वयात दुखते म्हणून त्याच हळद-तेल लावून द्यायच्या. त्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. उकंडाला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

विक्की उठला. आईशी तो बोलला नाही, बापाशीही नाही. तो चंदाबाईपुढे जाऊन उभा राहिला.

"काकू, मले बी आताच समजलं. मी काही लपवलं नाही. पन यावर डॉक्टर असतात. अर्पिताची तपासणी करू. तिच्यात नसन तं काहीच धोका नाही. अन् असलं तरी आमी दोघं विचारू डॉक्टरले, काय करता येते थे. मी थांबतो, वर्ष लागलं तरी थांबतो. तिले विचारा फक्त."

सगळ्यांच्या नजरा अर्पिताकडे गेल्या.

तिला वाटलं, एवढं सोपं होतं. माझ्यातही आहे, एवढे शब्द. या माणसानं सगळ्यांसमोर दार उघडून धरलं होतं, आणि त्याच्या आईनंही. तपासणी करा म्हणाली होती. आज नव्यानं कळल्यासारखं सगळं निभावून गेलं असतं. पण तपासणी झाली की निकाल मांडवातल्या प्रत्येकानं विचारला असता. आईची बोटं तिच्या खांद्यात रुतली होती. दारात समीक्षा चहाचा ट्रे धरून उभी होती, पुढे यावं की मागे जावं हे न कळून. आणि विक्की विचारणार होता, तुले कधीपासून माहीत होतं?

अर्पितानं रूपालीकडे पाहिलं. रूपालीनं नजर खाली घातली नाही. ती तिच्याकडे बघत राहिली, बोल म्हणून. पण स्वतः काही बोलली नाही.

"आई म्हणेल तसं," अर्पिता म्हणाली.

चंदाबाईनं सुटकेचा श्वास टाकला. तो जवळ उभ्या असलेल्या पंचफुलेला ऐकू आला. "तुमी सांगतलं, तुमचे उपकार झाले, बाई," चंदाबाई म्हणाली. "पन आमाले एवढी जोखीम नाही घेता येत. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

मागून कोणीतरी बाई म्हणाली, "बरं झालं बाप्पा, येळेवर समजलं. पोरगी वाचली."

पंचफुलेनं चंदाबाईकडे पाहिलं. चंदाबाईनं मान वळवली. दोघींनाही सगळं माहीत होतं, आणि एक जण ते पोटात घेऊन आपल्या घरी परत जाणार होती.

स्वयंपाक झालेला होता. जेवून जा, असं कोणीतरी म्हणालं. कोणी थांबलं नाही.

*

गाडीत येताना जिथे जो बसला होता तिथेच बसला. साडीची पिशवी परत पंचफुलेच्या मांडीवर होती. वच्छलाबाई खिडकीला टेकून डोळे मिटून होत्या, पण झोपल्या नव्हत्या. थोड्या वेळानं त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "घाटंजीत होते का थे तपासनी?"

"होते," उकंडा म्हणाला. "नातवाले घेऊन ये. मी येतो संगं."

पांढरकवडा येईपर्यंत उन्हं उतरली होती. विक्कीनं शर्टाची वरची बटणं काढली होती. तो फोन हातात घेऊन बसला होता, पण त्यात काही पाहत नव्हता.

"आईनं मले सांगाले पाह्यजे होतं," तो रूपालीला म्हणाला. पुढे ऐकू जाईल याची त्याला पर्वा नव्हती.

"हो."

"तुले माहीत होतं?"

"पियुषचं माहीत होतं. तुहं आजच समजलं."

त्यानं फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"मी तिले सगळ्यायसमोर विचारलं, रूपा. थांबतो म्हनलं. तिनं एक डाव मान वर करून पाह्यलं असतं माह्याकडे, तरी चाललं असतं. नाही म्हनाचं होतं तं तोंडानं म्हनाचं. आईवर ढकलून दिलं." त्यानं हाताच्या पालथ्या बाजूनं नाक पुसलं. "माह्या रक्ताची किळस आली असन तिले."

"तसं नाही, दादा."

"मंग कसं? तुले काही बोलली का ती? तू तं आतमधी गेलती तिच्यापाशी."

रूपालीनं तोंड उघडलं. पुढच्या सीटवर पंचफुलेची मान किंचित मागे वळली. तिचे डोळे दिसत नव्हते, पण ती ऐकत होती.

अर्पिताच्याही रक्तात तेच आहे, एवढं सांगितलं असतं तर तिला आपली किळस आली हे त्याच्या मनातून निघून गेलं असतं. तिथे राग आला असता, आणि राग कधीतरी निवतो. पण उद्या तो रागाच्या भरात मारेगावला फोन करून विचारणार होता, आणि परवा समीक्षाला पाहायला येणारे लोक वाटेतून परत जाणार होते.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही बोलली."

विक्कीनं मान हलवली, जसं त्याला हेच अपेक्षित होतं. त्यानं फोनमधून अर्पिताचा नंबर काढला, पुसला, आणि फोन खिशात घातला. मग रूपालीकडे न बघता म्हणाला, "तू बी बोलत नको जाऊ आता तिच्यासंग. असं मानूस मैत्रीन म्हनून बी कामाचं नाही."

पंचफुलेनं मान पुढे केली. बाहेर अंधारत चाललं होतं.

"बरं," रूपाली म्हणाली.